परागवाहक कीटक व घरची बाग

"वेल चांगला माजला, फुलेंहि पुष्कळ आलीं; पण भोपळा कांहीं धरत नाहीं," अशी तक्रार दर पावसाळ्यांत अनेक घरांतून ऐकूं येते. बोटाएवढें कोंवळें फळ दिसूं लागतें, चार दिवसांत पिवळें पडतें आणि गळून जातें. कोणी म्हणतो पाणी जास्त झालें, कोणी म्हणतो खत कमी पडलें. आणि घरांतील वडील माणसें दृष्ट लागली असें म्हणून मोकळीं होतात. पाण्याचा वा खताचा दोष कधीं कधीं असतोहि. परंतु पुष्कळ वेळां खरें कारण निराळेंच असतें. ज्या पाहुण्यानें त्या फुलाकडे यावयाचें, तो आलेलाच नसतो. हा पाहुणा कोण, त्यास आपल्या अंगणांत काय हवें असतें आणि त्यास बोलावण्यासाठीं बाग कशी लावावी, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

भोपळ्याच्या वेलावर दोन प्रकारचीं फुलें येतात. नरफुलांत पराग असतो आणि मादीफुलाच्या बुडाशीं इवलेंसें फळ असतें. नराचा पराग मादीपर्यंत पोंचला तरच तें फळ धरतें. न पोंचल्यास गळतें. हा पराग जड व चिकट असल्यामुळें वारा तो नेऊं शकत नाहीं. तें काम मधमाशा व त्यांचे भाऊबंद यांचें आहे. लाल भोपळ्याचें पिवळें फूल पहांटे उमलतें आणि दुपार होण्यापूर्वींच मिटतें. तेवढ्या वेळांत माशी आली नाहीं, तर तें फूल फुकट गेलें. दुधीचें पांढरें फूल सायंकाळीं उमलतें व त्याजकडे रात्रीं उडणारे पतंग येतात. वांग्याची तऱ्हा आणखीच वेगळी. त्याच्या परागकोशांस टोंकाशीं बारीकसें छिद्र असतें. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची लहान रानमाशी ते कोश घट्ट धरून अंग थरथरविते, तेव्हां बरणींतून मीठ झाडावें तसा पराग बाहेर पडतो. मधमाशीस ही कला साधत नाहीं. गहूं, भात, ज्वारी यांस कीटकांची गरज नाहीं हें खरें. परंतु जगांतील मुख्य अन्नपिकांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश प्रकारचीं पिकें कमी-अधिक प्रमाणांत अशा परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत. ताटांतील भाकरी वाऱ्यानें दिली, तरी तिच्याजवळची भाजी व फळ बहुतेक कीटकांनींच दिलेलें असतें.

फुलांचा व कीटकांचा हा व्यवहार प्रथम नीट उलगडून दाखविणारा मनुष्य एक शाळेंतील शिक्षकच होता, याचा आम्हां शिक्षकांस अभिमान वाटतो. जर्मनींतील स्पांडाउ येथील शाळेचे मुख्य ख्रिस्तियान कोनराड स्प्रेंगेल यांस १७८७ सालीं एका रानफुलाच्या पाकळ्यांच्या मुळाशीं बारीक केंस दिसले. ते कशासाठीं असावेत, याचा विचार करतां त्यांस वाटलें, कीं आंतील मकरंदांत पावसाचें पाणी मिसळूं नये म्हणून केलेली ही योजना आहे. मग मकरंद तरी कोणासाठीं? या एका प्रश्नावरून त्यांनीं शेंकडों वनस्पति तपासल्या आणि १७९३ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फुलाचा रंग, सुगंध व पाकळ्यांवरील ठिपके हीं सारीं कीटकांस वाट दाखविणारीं चिन्हें आहेत, हा त्याचा सारांश होय. त्या काळच्या विद्वानांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें चार्ल्स डार्विन यांनीं त्या कामाचें मोल ओळखलें. स्प्रेंगेल यांनीं जें पाहिलें, तें उघड्या डोळ्यांनीं व धीरानें पाहिलें. आणि तीं साधनें प्रत्येक विद्यार्थ्याजवळ आहेत.

मधमाशी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पोळेंच येतें. उंच झाडावर किंवा कड्यावर मोहोळ करणारी आग्या, ढोलींत राहणारी व पेटींत पाळतां येणारी सातेरी आणि झुडुपांत लहानसें पोळें करणारी फुलोरी या आपल्याकडील परिचित जाति होत. परंतु जगांत माशांच्या वीस हजारांहून अधिक जाति आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक पोळें न करितां एकेकट्या राहतात. कोणी मोकळ्या मातींत बीळ करिते, कोणी पोकळ काडींत अंडीं घालते, आणि काळा भुंगा वाळलेल्या लांकडास गोल भोंक पाडून घर करितो. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. ज्या अंगणांत कोंपऱ्यापासून कोंपऱ्यापर्यंत फरशी बसविली आहे, वाळलेली काडी दिसतांच जाळली जाते आणि कुंड्यांतून केवळ शोभेचीं पानें ठेविलीं आहेत, तें अंगण आपणांस कितीहि स्वच्छ दिसलें, तरी कीटकांस तेथें दुष्काळच आहे. त्यांस तीन गोष्टी हव्या असतात: बारा महिने अन्न, राहावयास जागा आणि विषापासून अभय.

या तिन्ही गोष्टी देणारी बाग कशी असते, याचा एक नमुना इंग्लंडांतील झोपडीवजा घरांच्या बागांत सांपडतो. गरीब कुटुंबें घरापुढील थोड्याशा जागेंत भाजी, औषधी व फुलें एकत्र लावीत. गर्ट्रूड जीकिल (१८४३–१९३२) या प्रसिद्ध उद्यानकर्त्रीनें या साध्या बागांपासून पुष्कळ घेतलें. अलीकडे हॉलंडचे पीट औडॉल्फ यांनीं वर्षानुवर्षें टिकणारीं फुलझाडें व गवतें यांची सांगड घालून बागा रचिल्या; न्यूयॉर्क येथें २००९ पासून लोकांस खुली झालेली हाय लाइन ही जुन्या उंच रेल्वेमार्गावरील बाग त्यांच्याच वृक्षयोजनेची आहे. आपण त्यांचीं झाडें आणूं नयेत, रीत मात्र घ्यावी. ती रीत आपणांस अगदींच परकी नाहीं. आपल्या जुन्या घरांच्या परसांत अळू, कढीपत्ता, तुळस, अडुळसा, गवती चहा व अबोली हीं शेजारीं-शेजारींच नांदत होतीं.

एका हंगामांत उगवून, फुलून मरणाऱ्या झाडांस वर्षायु म्हणतात, आणि मुळें जिवंत ठेवून वर्षानुवर्षें फुलणाऱ्यांस बहुवर्षायु म्हणतात. झेंडू व तेरडा लावावेत. त्यांचा आनंद आहेच. परंतु त्यांचा बहर संपतांच वाफा रिकामा होतो. बहुवर्षायु झाडांचीं मुळें खोल जातात, त्यांस उन्हाळ्यांत पाणी कमी लागतें, दरवर्षीं माती उकरावी लागत नाहीं, आणि म्हणून मातींतील माशांचीं घरेंहि मोडत नाहींत. पहिल्या वर्षीं तीं फारशीं वाढलेलीं दिसणार नाहींत. त्या वर्षीं त्यांची बरीचशी शक्ति मुळांत खर्च होते. घाई करणाऱ्यास ही बाग साधणार नाहीं.

देशावरील हवेंत पुढील झाडें सहज होतात. पावसाळ्यांत व त्यानंतर निर्गुडीचे निळसर तुरे येतात. पाऊस सरतां सरतां शतावरी पांढऱ्या बारीक फुलांनीं भरते व मधमाशांचा गुंजारव दुरून ऐकूं येतो. त्याच सुमारास कोरांटी फुलूं लागते. हिंवाळ्यांत अडुळसा व शेवगा फुलतात, आणि उन्हाळ्यांत कढीपत्ता. जागा मोठी असल्यास कडुनिंब व करंजहि चैत्र-वैशाखांत कीटकांस सांभाळतात. तुळस तर वर्षांतील बहुतेक काळ मंजिऱ्या धरिते. फुलें एकेरी पाकळ्यांचीं निवडावींत. दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळें पाहुण्यास पुष्कळदां रित्या हातानें परत जावें लागतें. घाणेरीवर फुलपाखरें पुष्कळ येतात. परंतु ती अमेरिकेंतून आलेली असून आपल्या रानांत तिनें अतोनात पसारा मांडला आहे, म्हणून ती लावूं नये.

फुलपाखरास मकरंद जितका हवा, तितकेंच त्याच्या अळीस पान हवें. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती चिरडूं नये. तिचेंच पुढें सुंदर फुलपाखरूं होतें. महाराष्ट्रानें २०१५ सालीं ज्यास राज्याचें फुलपाखरूं ठरविलें, त्या ब्ल्यू मॉर्मनच्या अळ्याहि लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात. रुईवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या दिसतात, त्यांपासून नारिंगी रंगाचें प्लेन टायगर हें फुलपाखरूं निघतें.

आतां गवताविषयीं. गवताचें परागीभवन वाऱ्यानें होतें, त्याच्या फुलांत मकरंद नसतो. मग कीटकांच्या बागेंत तें कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्याचें उत्तर असें, कीं फुलें हें अन्नछत्र आहे, तर गवत ही धर्मशाळा आहे. पावसाच्या सरींत व रात्रीं लहान कीटक त्याच्या बुंध्याशीं आसरा घेतात. सायंकाळीं उडणाऱ्या तपकिरी फुलपाखरांच्या अळ्या गवताचींच पातीं खातात. आणि मुळांनीं माती धरून ठेविल्यामुळें वळवाच्या पावसांत वाफा वाहून जात नाहीं. त्यासाठीं वाळा, गवती चहा, मारवेल व पवना हीं ठोंबानें वाढणारीं गवतें चांगलीं. कुसळी मात्र वाटेजवळ नको. तिचीं कुसळें कपड्यांत शिरतात.

लागवड मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर करावी. दहा फूट लांब व पांच फूट रुंद वाफा आरंभास पुरे. मागें निर्गुडी व अडुळसा, मध्यें कोरांटी व तुळस, पुढें अबोली, एका बाजूस काठीच्या आधारानें शतावरी आणि दोन्ही टोंकांस गवताचे ठोंब, अशी मांडणी करावी. एका जातीचें झाड एकेकटें न लावितां तीन-तीन, पांच-पांच जवळ लावावींत. कारण मधमाशी एका फेरींत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, आणि तिला घोळक्यानें फुलें मिळालीं म्हणजे तिचे श्रम वांचतात. वाफ्याशेजारीं हातभर जमीन मोकळी ठेवावी. उथळ थाळींत खडे घालून पाणी ठेवावें व डांस होऊं नयेत म्हणून तें दोन दिवसांनीं बदलावें. वाळलेल्या काड्या हिंवाळ्यांत कापूं नयेत. पावसाळ्यापूर्वीं गवत वीतभर ठेवून छाटावें.

पालकांच्या दोन शंका रास्त आहेत. पहिली, गवतांत साप-विंचू येतील ही. म्हणून ठोंब दारापासून व चुलीपासून दूर, एकमेकांपासून दोन हात अंतरावर लावावे आणि मधली वाट स्वच्छ ठेवावी. वाळलेल्या गवतास ठिणगी लागण्याचें भयहि त्यानें टळतें. दुसरी शंका माशी चावेल ही. फुलावर अन्न गोळा करणारी माशी सहसा चावत नाहीं. तिला हातांत धरूं नये, एवढेंच. परंतु आग्या मोहोळास दगड मारणें किंवा धूर करणें हें जिवावर बेतणारें आहे. त्याच्या वाटेस जाऊंच नये. ज्यास पूर्वीं माशीच्या दंशानें अंगभर सूज किंवा श्वासाचा त्रास झाला असेल, त्यानें या कामापासून दूर राहावें.

विषाविषयीं एकच नियम पुरे: उमललेल्या फुलावर कोणतेंहि औषध फवारूं नये. भोपळ्याचें फूल उघडें असतांना सकाळीं फवारलेलें कीटकनाशक किडीबरोबर पाहुण्यासहि मारितें, आणि मग वेल फळला नाहीं म्हणून पुन्हां औषध आणलें जातें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडून आम्हांस एक लहानसें काम हवें आहे. एक वही घ्या. आठवड्यांतून एके दिवशीं सकाळीं, ऊन पडल्यावर, दहा मिनिटें बागेंत स्वस्थ बसा आणि कोणत्या फुलावर कोण आलें तें तारखेसह लिहा. नांव ठाऊक नसल्यास रंग व आकार लिहा. असें बारा महिने केल्यावर एखाद्या महिन्याचें पान जवळजवळ कोरें राहिलेलें दिसेल. तो तुमच्या अंगणांतील दुष्काळाचा महिना होय. त्या महिन्यांत फुलणारें एखादें झाड शोधून येत्या मृगांत लावा, आणि पुढील वर्षीं तें पान पुन्हां लिहावयास घ्या.