घाटमाथ्यावरची मोटार

१८३० सालच्या नोव्हेंबर महिन्यात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून कोकणातून देशावर येणाऱ्या प्रत्येक चाकाला येताना चढाचा आणि परतताना उताराचा हिशेब चुकता करावा लागला आहे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, वेग वाढला, तरी खोपोली आणि लोणावळा यांच्यामधली पाचशे मीटरांहून अधिक उंची तसूभरही कमी झालेली नाही. त्यात लोणावळ्याचा पाऊस वर्षाकाठी सरासरी ४००० मिलिमीटरांच्या घरात जाणारा, आणि जून ते सप्टेंबर धुके व ओल यांचा अंमल अखंड चालणारा. त्यामुळे पश्चिम मावळात मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला दोन गोष्टींशी नित्य सामना करावा लागतो: चढउतारामुळे यंत्रावर पडणारा ताण आणि ओलीमुळे लोखंडाला लागणारा गंज.

जुनी मोटार घरच्या पडवीत स्वतः दुरुस्त करावी आणि जमल्यास तिची ओढही वाढवावी, अशी हौस असणारी माणसे या तालुक्यात कमी नाहीत, आणि ती हौस आदरास पात्र आहे. मात्र न सुटणारा नट सोडवणे काय किंवा इंजिनाची शक्ती वाढवणे काय, दोन्ही कामांचे मर्म एकच आहे: अडथळ्याचे कारण समजल्याखेरीज बळ लावू नये.

प्रथम नटाचा विचार करू. लोखंडाचा प्राणवायूशी आणि पाण्याशी संयोग होऊन जो गंज तयार होतो, तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. सबब नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली सूक्ष्म फट गच्च भरून जाते आणि दोन निरनिराळे भाग एकजीव होऊन बसतात. सायलेन्सरच्या पाइपाचे, पाट्यांच्या यू-बोल्टांचे आणि शॉक ॲब्सॉर्बरचे नट या बाबतीत विशेष हट्टी असतात, कारण रस्त्यावरचे पाणी सतत त्यांच्यावरच उडते. अशा नटावर लांब दांड्याचा पाना लावून अंगाचे सारे वजन टाकले, तर नटाचे कोपरे गोल होतात किंवा बोल्ट मानेपाशी तुटतो, आणि अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते.

यावरचा उपाय सावकाशीचा आहे. तारेच्या ब्रशने बाहेरचे आटे स्वच्छ करावेत, गंज सोडवणारे पातळ तेल लावून ते रात्रभर मुरू द्यावे, आणि सकाळी नटावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, म्हणजे कंपनाने ठिसूळ गंजाला बारीक भेगा पडून तेल आतपर्यंत पोहोचते. पाना सहा कोनांचा घ्यावा. बारा कोनांचा पाना केवळ टोकांवर जोर देतो व कोपरे झिजवतो. नट हलला, की अर्धा वेढा सोडून पाव वेढा परत आवळावा आणि असे आटे मोकळे करीत बाहेर यावे. एवढ्यानेही तो बधला नाही, तर उष्णतेचा आश्रय करावा: पोलादी नटाचे १० मिलिमीटरांचे छिद्र २०० अंशांच्या तापमानवाढीने मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतके रुंदावते, आणि गंजाची पकड मोडायला तेवढे पुष्कळ होते. ज्योत नटावर धरावी, बोल्टावर नव्हे. आणि पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप व रबरी बुश यांच्या आसपास तर ज्योत मुळीच पेटवू नये. स्टड आतच तुटला असेल, तर त्याच्या टोकावर नवा नट वेल्डिंगने जोडून घेणे हा सर्वोत्तम मार्ग होय, कारण वेल्डिंगची उष्णताच तो सैल करते. हे काम कामशेत, वडगाव किंवा तळेगाव येथील जाणत्या वेल्डरकडे सोपवण्यात कोणताही कमीपणा नाही.

आता शक्तीचा प्रश्न. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. तेथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती साधारण त्याच प्रमाणात घटते. मारुती ८०० सारख्या ७९६ सीसीच्या, चाळीस अश्वशक्तीच्याही आत राहणाऱ्या गाडीला ही घट दोन-सव्वादोन अश्वशक्तींची पडते. पण त्याच गाडीच्या तीन सिलिंडरांपैकी एकाचा व्हॉल्व्ह जळून तो सिलिंडर निकामी झाला, तर शक्तीचा एक तृतीयांश वाटाच नाहीसा होतो. म्हणून महागडा सायलेन्सर किंवा निराळा एअर फिल्टर खरेदी करण्यापूर्वी गाडी मूळ शक्तीला उतरते की नाही, हे तपासणे अगत्याचे आहे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर मोजावा. एखाद्याचा दाब कमी भरला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर दोष बहुधा पिस्टनच्या रिंगांचा, आणि न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. त्यानंतर टॅपेटचे अंतर, प्लग, फिल्टर आणि जुन्या गाडीत कार्बोरेटर व ठिणगीची वेळ, ही सारी मापे निर्मात्याच्या पुस्तकाप्रमाणे जुळवून घ्यावीत. एवढे झाल्यावर चढावर जी ओढ परत येते, ती कोणत्याही शोभेच्या भागाने मिळत नाही.

चढावर इंजिन तापते, आणि तापलेल्या इंजिनावर थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो अशास्त्रीय आहे, कारण थर्मोस्टॅटवाचून इंजिन योग्य उष्णतेला स्थिरच राहत नाही. उघड्या भांड्यातले पाणी लोणावळ्यास सुमारे ९८ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून हा उत्कलनबिंदू ११५ अंशांच्या पुढे नेते. म्हणजे स्प्रिंग सैल झालेले एक क्षुल्लक किमतीचे झाकण गाडी घाटात उभी करू शकते. ते, फॅन बेल्ट आणि शीतकद्रव यांची तजवीज आधी करावी, आणि झाकण गरम असताना कदापि उघडू नये.

उतार हा मात्र सर्वांत कठोर परीक्षक होय. एक हजार किलोची मोटार पाचशे मीटर खाली येते, तेव्हा तिच्या उंचीतून मुक्त होणारी ऊर्जा सुमारे १५ लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. हवेचा आणि इंजिनाचा रोध तिचा जो वाटा घेत नाही, तो सारा ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. त्यापलीकडे नळीत वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक एकाएकी पोकळ लागतो. मावळच्या हवेत हे तेल दर दोन वर्षांनी बदलणे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे, यांहून मोलाची सुधारणा मला ठाऊक नाही. गाडी जॅकवर चढवून तिच्याखाली जाताना भक्कम स्टँड लावणे सक्तीचे समजावे. विटांचा भरवसा धरू नये.

कायद्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक फेरफाराबद्दल पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून चालती जीप घडवली, तिचे देशभर कौतुक झाले. परंतु ती रस्त्याच्या नियमांत बसणारी नव्हती, आणि अखेर एका मोटार उद्योगपतीने तिच्या बदल्यात त्याला नवी गाडी दिली. त्या कारागिराची प्रतिभा वंदनीयच आहे. सार्वजनिक रस्त्याची सुरक्षितता मात्र प्रतिभेच्या भरवशावर सोडता येत नाही.

एक कर्तव्य शेवटी सांगितलेच पाहिजे. इंद्रायणी आणि पवना या दोन्ही नद्या मावळातच उगम पावतात, आणि येथल्या गटारात ओतलेले काळे इंजिन ऑइल पावसाबरोबर देहू-आळंदीच्या वाटेला लागते. ते डब्यात साठवून तेल परत घेणाऱ्या गॅरेजकडे पोचते करावे. मोटार आपल्या मालकीची असली, तरी ती ज्या घाटातून उतरते तो घाट आणि ज्या नदीकाठी ती उभी राहते ती नदी सर्वांची आहे. ही जाणीव ठेवून ज्याने आधी ब्रेक, मग शीतन आणि त्यानंतरच शक्ती असा क्रम पाळला, त्याच्या हातात पाना निःशंकपणे द्यावा.