सार्वजनिक मैदान, धर्मादाय मेळावे आणि शुल्कमाफी

इंग्लंडमधील नगरोद्याने, गावमैदाने आणि बाजारचौक बहुतांशी कौन्सिलच्या, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, ताब्यात असतात. त्यामुळे एखाद्या हॉस्पिसच्या, म्हणजे अखेरच्या आजारातील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेच्या, मदतीसाठी जत्रा भरवायची असो किंवा गावातल्या शाळेसाठी शर्यत घ्यायची असो, आयोजकांना आधी कौन्सिलची परवानगी घ्यावी लागते आणि बहुतेक वेळा तिचे शुल्कही भरावे लागते. लोकांच्या जागेवर, लोकांच्याच भल्यासाठी, विनावेतन राबणाऱ्यांकडून पैसे का घ्यावेत, हा प्रश्न तिथे वारंवार उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर कायद्यात आणि कौन्सिलच्या जमाखर्चात शोधावे लागते.

कायद्याची बाजू बरीच जुनी आहे. १८९० च्या सार्वजनिक आरोग्य कायदे सुधारणा अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने नगरसंस्थेला आपले उद्यान वर्षातून जास्तीत जास्त १२ दिवस सर्वसामान्यांसाठी बंद ठेवण्याची मुभा दिली आणि त्या दिवसांत ते धर्मादाय संस्थेला किंवा शेती-फुलबागांच्या प्रदर्शनाला विनामूल्य अथवा मोबदला घेऊन वापरू देण्याचा अधिकारही दिला. म्हणजे धर्मादाय कामासाठी मैदान फुकट देण्याची कल्पना व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून कायद्यातच लिहिलेली आहे. पुढे १९७२ च्या स्थानिक शासन अधिनियमाच्या १४५ व्या कलमाने करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी उद्यानाचा काही भाग कुंपण घालून वेगळा करण्याचा अधिक व्यापक अधिकार दिला. लंडनमधील फिन्सबरी पार्कात मोठा संगीत महोत्सव भरवू देण्याच्या निर्णयाला उद्यानप्रेमी नागरिकांनी आव्हान दिले, तेव्हा अपील न्यायालयाने २०१७ मध्ये याच कलमाच्या आधारे हॅरिंगे कौन्सिलचा अधिकार मान्य केला. शुल्कमाफीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी तरतूद मात्र २००३ च्या स्थानिक शासन अधिनियमाच्या ९३ व्या कलमात आहे. ऐच्छिक सेवांसाठी, म्हणजे ज्या पुरवण्याचे बंधन कौन्सिलवर नाही अशा सेवांसाठी, खर्चाच्या मर्यादेत राहून शुल्क घेता येते, आणि ते काहींकडूनच घ्यावे किंवा निरनिराळ्यांकडून निरनिराळ्या दराने घ्यावे याचीही मोकळीक कौन्सिलला आहे, असे हे कलम सांगते. त्यामुळे या कलमाखालील शुल्काबाबत ‘नियमात माफी बसत नाही’ असे उत्तर एखाद्या अधिकाऱ्याने दिले, तर ते त्या कौन्सिलने स्वतः ठरवलेल्या धोरणाचे उत्तर असते, कायद्याचे नव्हे, आणि कौन्सिलचे धोरण कौन्सिलला बदलता येते.

तरीही अर्ज करण्यापूर्वी शुल्क कशाकशाचे मिळून बनते हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण त्यातील प्रत्येक रक्कम माफ होण्याजोगी नसते. जागेचे भाडे आणि अर्जाची छाननी फी या कौन्सिलच्या स्वतःच्या रकमा असून त्या कमी करणे किंवा सोडून देणे सर्वस्वी तिच्या हाती असते. मद्यविक्री किंवा परवाना लागणारी करमणूक असलेल्या, एका वेळी ५०० पेक्षा कमी माणसांच्या कार्यक्रमासाठी ‘तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना’ द्यावी लागते; तिचे २१ पाउंडांचे शुल्क केंद्रीय नियमांनी ठरवलेले असल्याने धर्मादाय संस्थेलाही ते चुकत नाही. उलट, १९१६ च्या कायद्याखाली रस्त्यावर डबे फिरवून निधी गोळा करण्याचा जो परवाना मिळतो, त्याला शुल्कच नसते. मिरवणुकीसाठी रस्ता बंद करायचा असेल तर १८४७ च्या नगर पोलीस अधिनियमाखाली तसा आदेश काढता येतो का, हे जरूर विचारावे, कारण त्या जुन्या कायद्यात वृत्तपत्रातील जाहिरातीची सक्ती नाही आणि जाहिरातीचा खर्च पुष्कळदा मैदानाच्या भाड्याहून जड जातो.

अनामत रकमेबाबत कौन्सिल सहसा हटत नाही आणि तिचे म्हणणे रास्त आहे. आदल्या रात्री पाऊस झालेला असतो, पहाटे तंबू आणि जनित्र घेऊन मालमोटारी गवतावर चढतात, ओल्या मातीत चाकांचे खोल चर पडतात आणि जत्रा उठल्यावर ती पट्टी खणून, माती भरून, नव्याने बी पेरावी लागते. गवत रुजेपर्यंत तिथे मुलांना खेळता येत नाही. हा खर्च निधी गोळा करणाऱ्याचा हेतू किती चांगला होता यावर अवलंबून नसतो. म्हणून अनामत आणि सफाईचा खर्च देण्याची तयारी दाखवून केवळ भाडेमाफी मागणारा अर्ज, सरसकट सर्व काही माफ करा म्हणणाऱ्या अर्जापेक्षा, सुज्ञपणाचा ठरतो.

जमाखर्चाची बाजू अधिक अवघड आहे. इंग्लंडमध्ये उद्याने राखणे हे कौन्सिलचे कायदेशीर कर्तव्य नाही, तर वृद्धांची आणि मुलांची सामाजिक काळजी घेणे हे आहे. साहजिकच २०१० नंतर केंद्राकडून मिळणारा निधी आटला, तेव्हा कात्री आधी उद्यानांच्या तरतुदीला लागली. या ओढाताणीचे सर्वांत गाजलेले उदाहरण ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक पार्कचे आहे. पार्करन हा दर शनिवारी सकाळी स्वयंसेवकांनी चालवलेला, कोणासही विनामूल्य भाग घेता येणारा पाच किलोमीटरचा धावण्याचा उपक्रम २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ जणांनिशी सुरू झाला आणि पुढे जगभर पसरला. लिटल स्टोकमध्ये धावणाऱ्यांची संख्या वाढल्यावर वाटांची झीज होते या कारणाने स्टोक गिफर्ड पॅरिश कौन्सिलने, म्हणजे गावपातळीवरील सर्वांत धाकट्या स्वराज्य संस्थेने, एप्रिल २०१६ मध्ये सहा विरुद्ध चार मतांनी शुल्क आकारण्याचे ठरवले. विनामूल्य हेच ज्याचे तत्त्व, त्या उपक्रमाने शुल्क देण्यास नकार दिला आणि तेथील धाव बंद पडली. प्रकरण इतके पेटले की पुढच्या वर्षी केंद्र शासनाने असे शुल्क घेण्यास मनाई करावी काय, यावर जनतेची मते मागवली. वाटा झिजतात हे कौन्सिलचे म्हणणे खोटे नव्हते, पण झिजेची भरपाई श्रमदानातून किंवा अनुदानातून होऊ शकते का, हे नीट न तपासता दर आठवड्याचे आरोग्यदायी काम गमावणे हा तोट्याचाच सौदा होता.

माफीस पात्र कोण, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पुष्कळ कौन्सिले धर्मादाय नोंदणी क्रमांक मागतात. परंतु इंग्लंडमध्ये वार्षिक उत्पन्न ५,००० पाउंडांहून कमी असलेल्या बहुतेक संस्थांना चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करणे बंधनकारक नाही. महाराष्ट्रात १९५० च्या विश्वस्त कायद्याने प्रत्येक सार्वजनिक न्यासाला, उत्पन्न कितीही असो, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते, त्यामुळे मराठी वाचकाला ही अडचण चटकन जाणवणार नाही. पण तिथे क्रमांकाची अट घातली की नेमके सर्वांत गरीब गट बाहेर राहतात. ब्रिटनमधील एखादे छोटे मराठी मंडळ रुग्णालयासाठी मेळावा भरवू पाहत असेल, तर आपली घटना, बँक खाते आणि मागील हिशोब जोडून ही उणीव भरून काढणे शक्य आहे. दुसरीकडे, धर्मादाय नाव पुढे करून व्यापारी कंपनीच नफा कमावत असेल तर कौन्सिलने सावध राहिलेच पाहिजे. अशा व्यवहारात संस्थेच्या वाट्याला काय येणार हे जाहीर करण्याचे बंधन १९९२ च्या धर्मादाय अधिनियमाने घातलेले आहे आणि अर्जात तो वाटा आकड्यात लिहिणे अर्जदाराच्याच हिताचे असते.

कौन्सिलनेही माफीचे निकष लेखी प्रसिद्ध करावेत आणि सोडून दिलेली रक्कम अनुदान म्हणून हिशोबात दाखवावी, म्हणजे ती कोणा एका सदस्याच्या मर्जीवर राहणार नाही. अर्जदाराने अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी, विमापत्र आणि सुरक्षेचा आराखडा जोडून अर्ज करावा, आणि नकार आला तर लेखी कारण मागावे. मोठ्या कौन्सिलने अर्ज हाताळताना केलेल्या गैरकारभाराची तक्रार स्थानिक शासन लोकपालाकडे नेता येते. पॅरिश कौन्सिलांवर मात्र त्या लोकपालाचा अधिकार चालत नाही, परंतु त्यांच्या सभा १९६० च्या कायद्याने जनतेला खुल्या आहेत, तेव्हा ज्या सभेत शुल्काचा ठराव येणार असेल, त्या सभेला आयोजकांनी गावकऱ्यांसह हजर राहावे.