ताईच्या मागे आठ पोरे

दिलसुखनगरच्या चौकात सकाळी सातला उभे राहावे. पाठीवर दप्तर घेतलेली चौदा-पंधरा वर्षांची मुले-मुली शिकवण्यांच्या वर्गांकडे लगबगीने निघालेली दिसतात. 'पर्यावरण' हा विषय त्यांना आहेच. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शाळांतून सक्तीने शिकविण्याचा आदेश दिला. मग त्याचे धडे झाले, प्रश्न झाले, गुणही झाले. मात्र येथून मेट्रोने तीन स्थानके गेले की एल. बी. नगर लागते आणि विजयवाड्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेल्यावर काळवीट चरताना दिसतो, हे त्या धड्यांत नाही.

महावीर हरिण वनस्थळी ही निजामाची जुनी शिकारगाह. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने १९७५ मध्ये तिला हे नाव मिळाले. १९९४ पासून ती राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्र सुमारे साडेचौदा चौरस किलोमीटर. येथे आलेल्या लहान मुलाचा पहिला प्रश्न बहुधा असा असणार की, जंगल कोठे आहे? समोर तर झुडपांचे माळरान! पण काळविटाला तेच हवे. दूरवर पाहणे आणि वाऱ्यासारखे पळणे हीच त्याची ढाल. दाट झाडीत ती निकामी होते. आता हे उत्तर गुरुजींनी द्यावे की नववीतल्या ताईने? माझे मत ताईच्या बाजूने आहे.

ही कल्पना नवी नव्हे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले, तेव्हा त्यांचे चार संघ पाडून प्रत्येकावर एक थोरला मुलगाच नायक नेमला होता. आपल्या बालवीरांच्या शाळांतील 'संघनायक' तेथूनच आला. पण खरे म्हणजे आपल्या वाड्यांना हे बेटावरून शिकावे लागले नव्हते. थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे असायचे. पतंग, विहीर, चिंचेचे झाड, सारे विद्यापीठ दादाच्या हुकमतीखाली चालायचे. वाडे गेले, घरात एकुलते एक मूल उरले आणि पंधरा वर्षांच्या मुलाकडे कोणाचीच जबाबदारी राहिली नाही. "पोरांच्या हाती पोरे कशी द्यायची?" असे आज आईच विचारते, तिची आजी मात्र असल्याच पोरांच्या हाती वाढली.

विश्वास आंधळा नसावा, हे खरे. एका नायकामागे सात-आठांपेक्षा जास्त मुले नकोत. वाट त्याने आदल्या आठवड्यात स्वतः तुडवलेली हवी. पाणी कोठे, सावली कोठे, ते त्याला ठाऊक हवे. दर थांब्यावर डोकी मोजावीत. शिक्षकांनी हाकेच्या अंतरावर राहावे आणि (हे फार कठीण) तोंड मिटून राहावे. नायकाला एखादे झुडूप ओळखता आले नाही तर बिघडत नाही. मिळून शोधायचे ठरले की धाकटी त्याच्याभोवती अधिकच गोळा होतात.

काय पाहावे? तेलंगणाने २०१४ मध्ये ठरविलेली राज्यचिन्हे घ्या: चितळ, नीलपंख, शमी आणि तरवडाचे फूल. तेलुगू शेजारी ज्याला 'तंगेडु' म्हणून बतकम्मात रचतात तोच आपला तरवड. दसऱ्याला आपण आपट्याचे सोने वाटतो, ते शमीचे. आणि त्या दिवशी 'पालपिट्टा', म्हणजे नीलपंख, दिसला तर त्यांच्याकडे शुभ मानतात. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या घरांतील मुलांना ही दोन्ही नावे यायला हवीत. वहीत तारीख, वेळ, जागा लिहावी. १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी याच संस्थानभर फिरून पक्ष्यांची पाहणी केली, ती अशाच नोंदींच्या जोरावर.

वनस्थळी दूर वाटत असेल त्यांनी सरूरनगरच्या तलावापासून आरंभ करावा. तो तर अगदी शेजारी. २०२० च्या ऑक्टोबरात याच तलावाच्या आसपासच्या वसाहतींत पाणी शिरले होते. ते कोणत्या बाजूने आले, हे ताईने आठ जणांना काठाने चालवत दाखवावे. दिवस निवडायचा तर विसर्जनानंतरचा रविवार निवडावा. आपण पोचविलेल्या गणपतीचे काय उरले आहे, तेही मोजता येईल. डबा, पाण्याची बाटली, टोपी आणि वही. मोबाईल एकट्या ताईजवळ.