'थ्राइव्ह' आले कुठून?

रोप जोमाने वाढले, मूल बाळसे धरू लागले, धंद्याला बरकत आली, तरी इंग्रजी माणूस एकच क्रियापद वापरतो: 'थ्राइव्ह'. शब्द अस्सल इंग्रजी वाटतो खरा, पण तो समुद्रापलीकडून, स्कँडिनेव्हियातून आला आहे.

जुन्या नॉर्स भाषेत 'थ्रीफा' म्हणजे झडप घालून पकडणे. त्याला 'स्वतःला, स्वतःसाठी' असा अर्थ देणारा प्रत्यय लागून 'थ्रीफास्क' झाले. शब्दशः पाहिले तर आपल्यासाठी धरून घेणे. वापरात मात्र भरभराटीला येणे. यावरून 'झडप घालाल तरच यशस्वी व्हाल' असा उपदेश काढणे चुकीचे. व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास सांगते, जगण्याचे नियम नव्हे.

हा प्रवास मोठा रोचक आहे. इ.स. 793 मध्ये नॉर्स बोलणाऱ्या व्हायकिंगांनी इंग्लंडातला लिंडिसफार्नचा मठ लुटला. 865 मध्ये त्यांची मोठी फौज इंग्लंडात उतरली आणि पुढे त्यातले बरेच जण यॉर्कशायर, लिंकनशायर भागात जमिनी कसू लागले. व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतला 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेतले गाव. लुटारू शेजारी झाले, सोयरिकी जुळल्या. 'एग', 'स्काय', 'हजबंड' हे शब्द इंग्रजीला त्यांच्याकडूनच मिळाले. इतकेच काय, 'दे' हे सर्वनामही. सर्वनाम सहसा कोणतीही भाषा उसने घेत नाही. दोन समाज घरादारापर्यंत मिसळल्याचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

'थ्राइव्ह'ची सर्वांत जुनी लेखी नोंद आढळते ती बाराव्या शतकाच्या अखेरीस, ओर्म नावाच्या धर्मोपदेशकाच्या पद्यग्रंथात. तो लिंकनशायर परिसरातला. त्याचे नावही नॉर्स, अर्थ 'सर्प'. त्याचे हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

इंग्रजीचे स्वतःचे क्रियापदही होते, 'थेओन'. कवी चौसरच्या काळापर्यंत ते तग धरून होते, मग लोपले. त्याचे भावंड 'गेडायेन' जर्मनीत मात्र आजही रोजच्या वापरात आहे.

'थ्रिफ्ट' हा शब्दही 'थ्रीफा'च्याच कुळातला. आधी त्याचा अर्थ भरभराट असा होता. शेक्सपिअरच्या नाटकातला सावकार शायलॉक तो नफ्यासाठी वापरतो. काटकसर हा अर्थ पुढे रूढ झाला. खारट वारे सोसत समुद्रकाठच्या खडकांवर फुलणाऱ्या एका गुलाबी फुलझाडाचे नावही 'थ्रिफ्ट'च. 1937 ते 1952 या काळातल्या, ब्रिटनच्या सहाव्या जॉर्ज राजाच्या बारा कोनी तीन पेनीच्या नाण्यावर हेच झाड कोरलेले होते.