पगार स्लिपवरचे दोनशे रुपये

चाकणच्या निघोजे-महाळुंगे भागातल्या एखाद्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडून लागलेल्या मुलाची पगार स्लिप पाहा. पी.एफ. आणि ई.एस.आय.च्या खाली ‘पी.टी. २००’ अशी ओळ असते. फेब्रुवारीत तिथे ३०० येतात आणि दरवर्षी कुणीतरी ‘शंभर जास्त का कापले?’ म्हणून एच.आर.च्या खिडकीवर जातोच. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, असे वर्षाचे २,५०० होतात. हा राज्याचा व्यवसाय कर.

कर आला कुठून

१९७२ च्या दुष्काळात राज्याने मोठ्या प्रमाणावर कामे काढली, त्यातून रोजगार हमी योजना रुजली. कल्पना वि. स. पागे यांची, ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. पैशाची सोय म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने गावाकडच्या बेकारासाठी थोडे द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असा तो सरळ व्यवहार होता. पिंपरीत टेल्को आणि आकुर्डीत बजाज ऑटो तोवर उभे राहिलेले. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

आज चाकणच्या खोल्यांमध्ये लातूर, बीड, नांदेडची कितीतरी मुले राहतात. ज्यांच्या आजोबांनी रोहयोवर खडी फोडली, त्यांचे नातू इथे पी.टी. भरतात. योजना चांगलीच होती, यात मला शंका नाही. वाद आहे तो भार कुणावर किती, याचा.

वरच्याला सूट, खालच्याला कात्री

पुरुषाला महिना ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यापुढे सरसकट दोनशे. महिना १५,००० घेणाऱ्या हेल्परच्या कमाईतला जवळजवळ १.४ टक्के यात जातो. त्याच कंपनीत वर्षाला २५ लाख घेणाऱ्या मॅनेजरचा फक्त ०.१ टक्का. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगाराला प्राप्तिकर लागत नाही. हेल्परला व्यवसाय कर मात्र चुकत नाही.

वर्षाला जास्तीत जास्त किती कर घ्यायचा, ही वरची मर्यादा राज्याच्या हातात नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये ती मुळात २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तिथेच थांबली. पंधराव्या वित्त आयोगाने ती १८,००० करावी असे सुचवले. तेवढे झाले तर मोठ्या पगारांतून निधी वाढेल आणि छोट्यांना मोकळे करता येईल.

किती पगारापर्यंत कर माफ, ही खालची मर्यादा मात्र मुंबईतच ठरते. एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत हा कर माफ झाला, त्याला दिल्लीची परवानगी लागली नाही. पुरुष कामगाराची मर्यादा ७,५०० वरच ठेवायला आता कारण काय? किमान वेतनच त्याच्या पुढे गेले आहे.

मागायचे कुणाकडे

यासाठी कंपनीशी भांडून उपयोग नाही, ती फक्त कापून भरते. खालच्या मर्यादेसाठी आमदाराला गाठायचे, तेही राज्याच्या अर्थसंकल्पाआधी. वरच्या मर्यादेसाठी खासदाराला. आणि ठेकेदार पी.टी. कापत असेल, तर त्याचा व्यवसाय कराचा नोंदणी क्रमांक जरूर विचारावा. कापलेला पैसा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची आहे.