विशेष्योत्तर विशेषण (इंग्रजी व्याकरण)

इंग्रजीत विशेषण सामान्यतः नामाच्या आधी येते. ते नामाच्या लगेच नंतर आल्यास त्यास विशेष्योत्तर विशेषण म्हणतात. मराठी शालेय व्याकरणातील विधिविशेषणाहून ते निराळे आहे. 'मुलगी हुशार आहे' यातील 'हुशार' विधान पूर्ण करते. विशेष्योत्तर विशेषण नामासह एकच पदबंध बनवते.

स्थान आणि अर्थ

काही विशेषणांचा अर्थ स्थानानुसार पालटतो. 'प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे विद्यमान सदस्य, तर 'मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे हजर असलेले सदस्य. भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात हा भेद काटेकोरपणे पाळलेला आहे. अनुच्छेद १८९ नुसार राज्य विधिमंडळातील सर्वसाधारण प्रश्न 'मेंबर्स प्रेझेंट अँड व्होटिंग' यांच्या बहुमताने निकालात निघतात. विधानसभाध्यक्षांना पदावरून दूर करण्याच्या ठरावासाठी मात्र अनुच्छेद १७९ मध्ये 'ऑल द देन मेंबर्स', म्हणजे तत्कालीन सर्व सदस्य, अशी रचना आहे. एरवी क्रियाविशेषण असणारा 'देन' येथे विशेषण होऊन नामाआधी बसला आहे. महाराष्ट्र विधानसभेत २८८ जागा आहेत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एखाद्या प्रश्नावर १०० सदस्यांनी मतदान केल्यास ५१ मते पुरतात. अध्यक्षांविरुद्धच्या ठरावास, सर्व जागा भरलेल्या असताना, १४५ लागतात.

'संबंधित अधिकारी' याचे भाषांतर 'द ऑफिसर कन्सर्न्ड' असे होते. 'कन्सर्न्ड ऑफिसर' याचा रूढ ब्रिटिश अर्थ चिंताग्रस्त अधिकारी असा आहे. भारतीय कार्यालयीन इंग्रजीत ही दुसरी रचना सर्रास आढळते आणि येथील वाचकास ती खटकत नाही. परदेशी पत्रव्यवहारात ती टाळणे बरे.

लेखनातील संकेत

पदनामांत हा क्रम फ्रेंच प्रभावातून आला. अशा पदनामांचे अनेकवचन करताना प्रत्यय नामाला लागतो. मुंबई व नागपूर येथील महालेखापालांचा एकत्र उल्लेख 'अकाउंटंट्स जनरल' असा होईल.

विशेषणाला पूरक शब्दांची जोड असल्यास संपूर्ण पदबंध नामानंतर जातो. मराठीत 'पुस्तकांनी भरलेली खोली' हा क्रम सहज असल्याने मराठी विद्यार्थी 'अ फुल ऑफ बुक्स रूम' लिहून जातात. शुद्ध रूप 'अ रूम फुल ऑफ बुक्स' असे आहे. पदबंध नामाची व्याप्ती ठरवत असेल, तर स्वल्पविराम देत नाहीत. केवळ जादा माहिती पुरवत असेल, तर तो दोन्ही बाजूंनी स्वल्पविरामांत ठेवतात.