परदेशातील खरेदी आणि कार्डाची सुरक्षितता
रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील मराठी घरांतूनही मुले शिक्षणासाठी परदेशी जातात. भारतात ऑनलाइन खरेदीच्या वेळी सहसा ओटीपी विचारला जातो. परदेशी संकेतस्थळांवर मात्र कित्येकदा कार्डाचा क्रमांक, मुदत व मागील तीन अंक एवढेच पुरते. म्हणून हे तपशील कोणासही सांगू नयेत.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या आदेशामुळे कार्डाचा परदेशी वापर ग्राहकास स्वतः सुरू वा बंद करता येतो. तो गरजेपुरताच सुरू ठेवावा. भारतातील मोबाइल क्रमांक बंद पडल्यास बँकेचे संदेश पोहोचत नाहीत. म्हणून तो चालू ठेवावा. अनोळखी व्यवहार दिसताच कार्ड बंद करून बँकेस कळवावे. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने पूर्ण संरक्षणासाठी तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत घातली, ती याचसाठी. विलंबाचा भुर्दंड ग्राहकासच पडतो.